माइल्स डेव्हिसचे अखेरचे वळण

न्यूयॉर्कमधील घराच्या उघड्या खिडकीतून येणारा रस्त्याचा गलबला ऐकत बसलेल्या माइल्स डेव्हिसच्या मनात हा गलबलाच सुरांत बांधावा, असे आले. १९९१ च्या प्रारंभी रसेल सिमन्स या मित्राला त्याने एखादा तरुण निर्माता सुचवण्यास सांगितले आणि ब्रुकलिनचा पंचविशीतला ईझी मो बी त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. माइल्स तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. जॅझचा सम्राट म्हणून स्वस्थ बसावे एवढी पुण्याई त्याच्या गाठीशी नक्कीच होती.

त्याचा जन्म २६ मे १९२६ चा, इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथील. वडील दंतवैद्य असल्याने घरी सुबत्ता होती. तेराव्या वर्षी ट्रम्पेट हाती आले आणि एल्वुड ब्यूकॅनन या शिक्षकाने सूर न थरथरवता सरळ लावण्याची शिस्त लावली. ती त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. १९४४ मध्ये तो ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात दाखल झाला खरा. पण लक्ष सारे चार्ली पार्करकडे. वर्षभरात शिक्षण सुटले आणि न्यूयॉर्कचे क्लब हेच त्याचे गुरुकुल ठरले.

१९४८ मध्ये नऊ वादकांचा मेळ जमवून त्याने बीबॉपच्या वेगवान धावेला संयत वळण दिले. पुढे हेरॉइनच्या विळख्यात काही वर्षे गेली. त्यातून सावरल्यावर १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' आला. झरझर बदलणाऱ्या स्वरसंघातांऐवजी एकेका स्वरसप्तकात रमणारे हे संगीत रागदारी ऐकणाऱ्या कानांना फारसे परके वाटू नये. आल्बम प्रकाशित झाला त्याच ऑगस्टमध्ये, बर्डलँड क्लबच्या दाराशी, स्वतःचे नाव झळकत असलेल्या फलकाखाली उभा असताना पोलिसांनी त्याचे डोके फोडले. कीर्ती आणि कातडीचा रंग यांचा हिशेब त्या रात्री त्याला नव्याने कळला असेल.

१९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये त्याने बादल रॉय यांचा तबला, सतार आणि फंकचा ठेका एकत्र आणला. कृष्णवर्णीय तरुणांपर्यंत पोहोचण्याची ही धडपड जॅझ समीक्षकांना रुचली नाही. हिप-हॉपच्या पिढीने मात्र हाच आल्बम पुढे डोक्यावर घेतला. १९७५ नंतरची पाच वर्षे आजारपण आणि कोकेन यांनी खाल्ली.

म्हणूनच ईझी मो बीसोबतचा 'डू-बॉप' ही म्हाताऱ्याची हौस म्हणून सोडून देता येत नाही. 'कूल अँड द गँग', जेम्स ब्राऊन यांच्या सोल आणि फंक ध्वनिमुद्रणांतले तुकडे उचलून रचलेल्या तालांवर माइल्सचे ट्रम्पेट मोजक्या स्वरांत फिरते. बहुतेक ठिकाणी त्यावर 'म्यूट' चढवलेला असल्याने सूर दबका, जवळून कुजबुजल्यासारखा येतो. त्याच वर्षी ८ जुलै रोजी मॉन्ट्रो येथे क्विन्सी जोन्सच्या आग्रहाने त्याने गिल एव्हान्सच्या जुन्या संगीतरचना वाजवल्या. मागे वळून पाहण्यास आयुष्यभर नकार देणाऱ्याने केलेला हा दुर्मीळ अपवाद होता. २८ सप्टेंबरला कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे त्याचे निधन झाले.

तोवर सहा रचना जवळपास तयार होत्या. आल्बम पुरा करण्यासाठी ईझी मो बीने माइल्सच्या १९८५ च्या सुमाराच्या अप्रकाशित मुद्रणांतील ट्रम्पेट घेऊन त्याभोवती नवे ताल उभे केले. मृत वादकाची अनुमती कोण देणार, हा प्रश्न इथे उरतोच. त्या दोन रचना ऐकताना जोडकाम जाणवते. रॅपच्या ओळीही बऱ्याच अंशी माइल्सच्या स्तुतीत अडकल्या आहेत आणि त्या टाळल्या असत्या तर बरे झाले असते. त्याने पूर्ण केलेल्या रचनांत मात्र तोच तेरा वर्षांच्या मुलाचा सरळ सूर आहे.

१९९२ मध्ये आलेल्या या आल्बमवर समीक्षक नाराज होते. १९९३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, तेही जॅझच्या नव्हे, रिदम अँड ब्लूज वाद्यसंगीताच्या विभागात. ज्या जुन्या मुद्रणांतून ते ट्रम्पेट उचलले गेले, त्यांचा 'रबरबँड' हा स्वतंत्र आल्बम निघायला २०१९ साल उजाडले.