मल्लांचा वैद्य गेलेन

गोलंदाजाचा खांदा निखळला किंवा धावपटूच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, की हल्ली खेळाडूच्या नावाशेजारी शल्यविशारदाचेही नाव वृत्तपत्रांत झळकते. हा व्यवसाय आजकालचा वाटतो खरा. परंतु ज्याच्या कीर्तीचा पायाच अशा दुखापतींवर घातला गेला, असा एक पुरुष अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या गेलेनची ओळख आम्ही वाचकांस येथे करून देत आहोत.

आज तुर्कस्तानात असलेले बेर्गामा म्हणजे तेव्हाचे पर्गामम हे ग्रीक नगर. तेथे इ. स. १२९ मध्ये गेलेनचा जन्म झाला. वडील नायकॉन हे सुखवस्तू व विद्याव्यासंगी वास्तुशिल्पी. मुलाने तत्त्वज्ञान शिकावे अशी त्यांची योजना होती. परंतु तो सोळा-सतरा वर्षांचा असता वडिलांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्यांनी त्यास वैद्यकाकडे वळविले. वडिलांच्या निधनानंतर गेलेनने स्मर्ना, कॉरिंथ व अलेक्झांड्रिया येथे विद्यार्जन केले. अलेक्झांड्रियात मानवी अस्थिपंजर डोळ्यांनी पाहून शिकता येई. ही सोय अन्यत्र नव्हती.

१५७ साली तो घरी परतला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. नगरीच्या महापुरोहिताने त्यास ग्लॅडिएटरांचा, म्हणजे रिंगणात सशस्त्र झुंजणाऱ्या मल्लांचा, वैद्य नेमले. हे मल्ल बहुधा गुलाम अथवा दंडित, तरी पोसण्यास महाग. त्यामुळे चांगल्या वैद्याचे मोल मालकास ठाऊक होते. मांडीचा स्नायू आडवा चिरला गेला, तर इतर वैद्य वरवरची कातडी शिवून मोकळे होत. गेलेन आतला स्नायूही जुळवून शिवी. जखमेवर मद्यात भिजविलेले कापड ठेवून ते रात्रंदिवस ओले राखण्याची त्याची रीत होती. जंतूंचे नावही कोणास ठाऊक नसता मद्याचा तो गुण त्याने अनुभवाने हेरला, हे विशेष. पूर्वीच्या वैद्यांच्या हाती अनेक मल्ल दगावत, आपल्या हाती क्वचितच, असे तो लिहितो. आत्मस्तुतीत गेलेन कधीच मागे नसे, तेव्हा यातील थोडे वजा करावे. तरी सगळे वजा करण्याचे कारण नाही.

१९९३ साली त्याच प्रदेशातील एफेसस येथे ग्लॅडिएटरांचे दफनस्थान सापडले. तेथील हाडांवर नीट जुळून आलेल्या जुन्या जखमांच्या खुणा आहेत. मल्लांचा आहार मुख्यत्वे धान्य-कडधान्यांचा होता, असेही त्या हाडांवरून दिसले. बाकल्याची लापशी खाऊन या मल्लांचे मांस घट्ट न होता फोपसे होते, अशी तक्रार गेलेनने पूर्वीच लिहून ठेवली होती!

पण बरा झालेला मल्ल पुन्हा त्याच रिंगणात धाडला जाई. वैद्याचे यश म्हणजे दुसऱ्या मरणाची तयारी, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. त्या जखमांतून गेलेन मात्र मानवी देहाची रचना शिकला. मृतदेह चिरणे निषिद्ध मानले जात असल्याने तो एरव्ही माकडे व डुकरे चिरून अभ्यास करी.

१६२ साली तो रोमला गेला. परगावी जाऊन नाव कमावू पाहणाऱ्यास स्थानिकांचा मत्सर सोसावा लागतो, हे आम्हां दूरदेशी वसलेल्यांस नव्याने सांगावयास नको. पॉसेनियस नावाच्या एका पंडिताच्या हाताची दोन बोटे व मधल्याचा अर्धा भाग बधिर झाला होता. वैद्य बोटांवरच लेप लावीत बसले. गेलेनने मात्र पूर्वी काही मार लागला होता काय, असे विचारले. गाडीतून पडून पाठीचा वरचा भाग दगडावर आदळल्याचे कळताच त्याने तेथे उपचार केले आणि बोटांस संवेदना आली.

पस्तिसाव्या वर्षी आखाड्यात व्यायाम करताना त्याच्या स्वतःच्याच खांद्याजवळचा सांधा निखळला. वस्ताद खांदा बसवू लागले, पण निखळले होते ते मानेकडून खांद्याकडे येणाऱ्या हाडाचे टोक. हे ओळखून त्याने त्यांस थांबविले व असह्य घट्ट बंधन चाळीस दिवस सोसून सांधा जुळवून घेतला. इतर रुग्ण इतका धीर धरीत नाहीत, हे सांगण्यास तो विसरला नाही.

धंदेवाईक मल्लांच्या अतिभोजनावर व अतिश्रमावर त्याने कडक टीका केली, आणि लहान चेंडूच्या खेळावर एक छोटा ग्रंथ लिहिला. सर्वांगास व्यायाम, खर्च नाही, धोका नाही, म्हणून तो खेळ त्यास प्रिय. १६६ साली तो स्वगृही परतला. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसने त्यास बोलावून घेतले व राजपुत्र कॉमोडसची प्रकृती त्याच्यावर सोपविली. १९२ च्या आगीत त्याचे अनेक ग्रंथ जळाले. त्याविषयी त्याने लिहिलेले पत्र २००५ साली थेस्सलोनिकी येथील एका मठात मिळाले.

नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने त्याचे ग्रंथ भाषांतरित केले. पुढे त्याचा शब्द इतका प्रमाण ठरला, की खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे त्याचे विधान शतकानुशतके कोणी तपासले नाही. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा अब्द अल्-लतीफ याने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहून जबडा एकसंध असल्याचे नोंदविले. युरोपात ते मान्य होण्यास १५४३ साली वेसेलियसचा ग्रंथ यावा लागला.

युनानी वैद्यकासवे गेलेन आपल्या देशातही आला, तो ‘जालिनूस’ या नावाने. जुन्या दिल्लीत वा हैदराबादेत चारमिनारच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या मंडळींनी हकिमाच्या दुकानात ‘जवारिश जालिनूस’ची बाटली पाहिलीही असेल. तिचा उपयोग पोटासाठी होतो. मोडल्या हाडांसाठी मात्र अन्यत्र जावे लागते.