ऐक्यासाठीं झटणारा याजक

पॉल कुतुरिये ह्यांचा जन्म सन १८८१ मध्यें फ्रान्स देशांतील लिआँ शहरीं झाला. सन १९०६ मध्यें ते रोमन काथलिक याजक झाले, व पुढें पुष्कळ वर्षें तेथील एका शाळेंत शिक्षक होते. रशियांतून परागंदा झालेल्या निराश्रितांची सेवा करितांना ऑर्थोडॉक्स बंधूंची भक्ति त्यांच्या दृष्टीस पडली, आणि ख्रिस्ताच्या मंडळीची फाटाफूट त्यांच्या मनास झोंबूं लागली.

ऐक्यासाठीं १८ ते २५ जानेवारीपर्यंत प्रार्थना करण्याचा प्रघात अमेरिकेंत सन १९०८ मध्यें पडला होता. परंतु सर्वांनीं रोमकडे परत यावें, असा तिचा रोख असे. ती प्रार्थना प्रॉटेस्टंट मनुष्य कशी करणार? ही अडचण कुतुरिये ह्यांनीं ओळखिली. सन १९३३ मध्यें लिआँ येथें त्यांनीं तीन दिवसांची व पुढील वर्षीं आठ दिवसांची प्रार्थना चालविली. ख्रिस्ताला हवें तें ऐक्य त्याच्याच मार्गानें व्हावें, एवढेंच मागण्यास त्यांनीं शिकविलें. त्यामुळें सदसद्विवेकबुद्धि न दुखवितां सर्वांस एकत्र गुडघे टेकतां आले.

सन १९४४ मध्यें जर्मन गुप्त पोलिसांनीं त्यांना तुरुंगांत टाकिलें. सुटल्यावरहि त्यांचें कार्य थांबलें नाहीं. २४ मार्च १९५३ रोजीं ते प्रभूमध्यें निजले. सन १९६८ पासून ह्या सप्ताहाच्या प्रार्थना काथलिक व इतर मंडळ्या मिळून तयार करीत आल्या आहेत.

प्रिय वाचकहो, शेजारच्या मंडळीसाठीं प्रार्थना करितांना ती आपल्यासारखी व्हावी असें आपण मागतों, कीं आपण दोघांनींहि ख्रिस्तासारखें व्हावें असें मागतों?