काचेपलीकडचा शत्रू

हौसेने फिशटँक घरी येतो. दुकानदार सांगतो, हे सगळे मासे एकत्र राहतात. आठवड्याभरात चित्र बदलतं. एक मासा अर्धी टाकी बळकावतो, दुसरा फिल्टरमागे दबून बसतो, तिसऱ्याचे पर कुरतडलेले दिसतात. मग आपण त्या दांडगट माशाला दुष्ट ठरवून मोकळे होतो. पण मासा दुष्ट नसतो. त्याच्या वागण्यामागे कारणं असतात. ही कारणं वर्षानुवर्षं काचेसमोर बसून शोधणारा शास्त्रज्ञ शिक्षणाने डॉक्टर होता. त्याचं नाव कोनराड लोरेन्झ.

लोरेन्झ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी व्हिएन्नात झाला. वडील अडॉल्फ हे जगप्रसिद्ध अस्थिरोगतज्ज्ञ. जन्मतः निखळलेला खुब्याचा सांधा चिरफाड न करता जागेवर बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग गावातल्या त्यांच्या मोठ्या घरात धाकट्या कोनराडने मासे, बदकं, पक्षी असा गोतावळा जमवला. मुलाने डॉक्टरच व्हावं, ही वडिलांची इच्छा. त्याने ती पुरी केली. १९२८ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. पण तिथेच न थांबता १९३३ मध्ये प्राणिशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. शरीररचनाशास्त्र शिकताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की निरनिराळ्या प्राण्यांच्या हाडांची तुलना करता येते, तशीच त्यांच्या वागण्याचीही करता येईल. अंड्यातून बाहेर पडल्यावर लोरेन्झनाच आई समजून त्यांच्या मागे चालणारी हंसाची पिल्लं पुढे जगभर गाजली.

या चरित्रात एक काळं पानही आहे. १९३८ मध्ये लोरेन्झ नाझी पक्षाचे सदस्य झाले. पाळीव प्राण्यांच्या ऱ्हासाची कल्पना त्यांनी माणसांना लावली आणि १९४० च्या एका लेखात वंशशुद्धीची भाषा वापरली. युद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यांना पकडलं. सुटका झाली ती १९४८ मध्ये. पुढे त्यांनी त्या लिखाणाबद्दल खेद व्यक्त केला. तरीही साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांना दिलेली मानद पदवी २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, काढून घेतली.

युद्धानंतर ते पुन्हा माशांकडे वळले. प्रवाळातले रंगीबेरंगी मासे टाकीत ठेवल्यावर त्यांना दिसलं, की मासा परक्या जातीपेक्षा स्वतःच्याच जातीच्या माशावर जास्त तुटून पडतो. कारण उघड आहे. तेच अन्न, तीच जागा आणि तीच जोडीदारीण हवी असलेला खरा स्पर्धक आपल्याच जातीचा असतो. आपल्या हद्दीच्या मध्यभागी मासा शूर असतो. तिथून दूर गेला की त्याचं धैर्य ओसरतं. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि हद्द संपली की पाठलागही थांबतो. टाकीत पळायला जागाच नसते, म्हणून साधी हुसकावणी जिवावर बेतते.

त्यांचं सर्वांत बोलकं निरीक्षण दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या ऑरेंज क्रोमाइड या छोट्या माशाचं आहे. या माशांची जोडी टाकीत एकटीच ठेवली, तर नर मादीवरच हल्ला करू लागे. मध्ये काच लावून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, की दोन्ही घरांत शांतता नांदे. राग शेजाऱ्यांवर निघे. काचेवर शेवाळ धरून पलीकडचं दिसेनासं झालं, की घरातली भांडणं पुन्हा सुरू. काच पुसली की ती थांबत.

घरच्या टाकीसाठी यात सरळ धडे आहेत. एकाच जातीचे दोन नर, विशेषतः फायटर, एकत्र ठेवू नयेत. दगड, मडक्याचे तुकडे, झाडं लावून लपायला जागा आणि नजरेला आडोसा द्यावा. नवा मासा सोडताना आतली मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नवखे होतात. खाणं दोन ठिकाणी टाकावं. एवढं करूनही दांडगाई थांबली नाही, तर जखमी माशाला नव्हे, दांडग्याला काही दिवस वेगळं ठेवावं. परत येतो तेव्हा नवखा तो असतो.

१९६३ मध्ये लोरेन्झ यांनी आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवात माशांपासूनच केली. आक्रमकता आत साठत जाते आणि तिला वाट लागते, हा त्यांचा सिद्धांत मात्र माणसांच्या बाबतीत टिकला नाही. उशीवर गुद्दे मारल्याने राग निवळतो, याला नंतरच्या प्रयोगांनी दुजोरा दिला नाही; उलट तो धुमसत राहतो. त्यामुळे संतापी रुग्णाला आम्ही राग बाहेर काढा असं सांगत नाही. झोप, दारू, दुखणं, घरातली दाटी, कामाचा ताण यांची चौकशी करतो. माशाचं वागणं जसं टाकी पाहिल्याशिवाय कळत नाही, तसंच हे आहे.

१९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर ते आल्टेनबर्गला परतले. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचं निधन झालं.

काचेपलीकडे शत्रू दिसला की घरात एकोपा राहतो, हे त्यांना माशांत अचूक दिसलं. पण ते दिसण्याआधी, याच युक्तीवर उभ्या राहिलेल्या राजवटीला त्यांनी स्वतः साथ दिली होती. माशाला काचेपलीकडचा शेजारी निवडता येत नाही. माणसाला शत्रू दाखवला जातो, तेव्हा तो कोण दाखवतंय, हे तरी विचारता येतं.