नामदार गोखले : देशसेवा आणि देहाची निगा

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाला ज्या विद्यार्थ्यांमुळे थोरवी लाभली, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी आहे. १९ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांच्या त्यागाविषयी आपण शाळेत वाचलेले असते. त्या त्यागाची एक दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. सेवाकार्यात गढून गेलेल्या प्रत्येक भाविकाने तिचे मनन करण्यासारखे आहे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कोल्हापूरनजीक कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवू लागले. भावाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून गोपाळ हाताने स्वयंपाक करी आणि दिव्याचे तेल वाचवण्यासाठी रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करी, असे सांगितले जाते. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले.

स्वतःसाठी कमीत कमी घ्यावे, हा संस्कार अशा रीतीने बालपणीच दृढ झाला. पुढे पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत व फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर अध्यापन करून १९०२ साली ते निवृत्त झाले. ती निवृत्ती विश्रांतीसाठी नव्हती. केंद्रीय कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील अभ्यासपूर्ण भाषणे, १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद, इंग्लंडच्या वाऱ्या, १९११ साली मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक, १९१२ सालचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा, असा कामाचा ओघ अखंड चालू राहिला.

१९०२ च्या आरंभी गांधीजी कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांच्या सहवासात राहिले. गोखल्यांचा एक क्षणही वाया जात नाही, हे पाहून ते भारावले. परंतु हा थोर पुरुष फिरायलासुद्धा जात नाही, याचे त्यांना वाईट वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. गोखल्यांनी उलट विचारले की, फिरायला जाण्याइतकी सवड आपल्याला कधी असते का? गुरूविषयीच्या आदरामुळे गांधीजी गप्प राहिले, पण त्यांचे समाधान झाले नाही. काम कितीही असो, जेवणासाठी जसा वेळ काढतो तसा व्यायामासाठीही काढलाच पाहिजे, आणि त्याने काम कमी न होता वाढते, असे त्यांचे मत होते.

पुढे मधुमेहाने गोखल्यांना ग्रासले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यात आले असता त्यांच्यासाठी योजलेल्या मेळाव्यास येताना गोखल्यांना घेरी आली. दुर्बल झालेल्या त्या देहाला अशा मूर्च्छा नव्या नव्हत्या. १९ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

येथे आपण न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. मधुमेहावरील इन्सुलिन रुग्णांना १९२२ पासून मिळू लागले. त्यामुळे नियमित फिरण्याने गोखले वाचलेच असते असे म्हणता येणार नाही. फर्ग्युसनमधील त्यांचे सहकारी महर्षी कर्वे पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी ये-जा करीत आणि ते १०४ वर्षे जगले. दीर्घायुष्य हे अखेर देवाचे दान आहे. परंतु त्या दानाची राखण आपल्या हाती सोपवलेली आहे.

आपली ख्रिस्तसभा हेच शिकवते. जीवन आणि आरोग्य ही परमेश्वराने विश्वासाने दिलेली मोलाची देणगी असून तिची योग्य निगा राखणे हे पाचव्या आज्ञेच्या पालनातच मोडते. संदेष्टा एलिया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले आणि भाकर व पाणी दिले. सेवाकार्यावरून परतलेल्या प्रेषितांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा खुद्द प्रभू येशूने त्यांना एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, याचे स्मरण संत पौल आपल्याला देतो.

आपल्या घरांतही असे गोखले आहेत. सर्वांना वाढून उरलेले खाणारी आई, दुखणे अंगावर काढणारे वडील, आजाऱ्यांसाठी रात्री जागणारी धर्मभगिनी, आणि खरे सांगायचे तर, आम्ही धर्मगुरूसुद्धा. सवड कुठे आहे, हेच आपलेही उत्तर असते. ते उत्तर प्रामाणिक आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे.

तेव्हा सकाळच्या प्रार्थनेला जशी ठरलेली वेळ असते, तशीच अर्ध्या तासाच्या फेरफटक्याला, वेळेवरच्या जेवणाला आणि पुरेशा झोपेला असावी. रक्तातील साखर ठरावीक काळाने तपासून घ्यावी. रात्री आत्मपरीक्षण करताना, देवाने दिलेल्या या देहाशी आज मी कसा वागलो, हा प्रश्नही स्वतःला विचारावा. दाखल्यातील शहाण्या कुमारिकांनी दिव्याबरोबर तेलही घेतले होते, म्हणून वराच्या आगमनसमयी त्यांचे दिवे तेवत राहिले. सेवेचा दिवा लावणाऱ्या आपणा सर्वांना प्रभू ते शहाणपण देवो.