गीतकार धर्मोपदेशक पाउल गेरहार्ट

जर्मनीत सॅक्सनीच्या राज्यातील ग्रेफेनहाइनिखेन या लहानशा गावी इ. स. १६०७ मध्ये पाउल गेरहार्टचा जन्म झाला. तो बारा वर्षांचा असताना वडील वारले; दोन वर्षांनी आईचेही छत्र हरपले. त्यातच १६१८ मध्ये धर्मपंथांच्या वैरातून युद्धाचा वणवा पेटला, तो तीस वर्षे विझला नाही.

१६२८ मध्ये पाउल विटेनबर्गच्या विद्यापीठात दाखल झाला. मार्टिन ल्यूथरने अध्यापन केले, तेच हे विद्यापीठ. १६३७ मध्ये स्वीडिश सैन्याने पाउलचे जन्मगाव जाळले. अशा उजाड देशात तरुण उपदेशकाला जागा कोठून मिळणार? पुढे बर्लिनमध्ये बेर्टोल्ट नावाच्या वकिलाच्या घरी तो मुलांना शिकवू लागला. तेथे सेंट निकोलस चर्चचा संगीतप्रमुख योहान क्रूगर याच्याशी त्याचा स्नेह जुळला. क्रूगरने १६४७ मध्ये आपल्या गीतसंग्रहात त्याची अठरा गीते छापली. ल्यूथरच्या गीतांत बहुधा 'आम्ही' बोलतात. गेरहार्टच्या गीतांत पुष्कळदा एकटा 'मी' देवाशी बोलतो. दुःखाने पोळलेल्या लोकांना ती आपलीच वाटली, यात नवल नाही.

मिटेनवाल्डे येथे पाळकाचे पद मिळाले तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस होते. १६५५ मध्ये बेर्टोल्टची कन्या आना मारिया हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि १६५७ मध्ये तो सेंट निकोलस चर्चमध्ये आला. पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली.

ब्रँडेनबुर्गचा अधिपती फ्रीडरिख विल्हेल्म कॅल्व्हिनपंथी होता, प्रजा मात्र बहुतेक ल्यूथरपंथी. उपदेशकांनी व्यासपीठावरून परस्परांच्या पंथांची निंदा करू नये, अशी आज्ञा त्याने १६६४ मध्ये काढली व तीवर सह्या मागितल्या. एवढ्या संहारानंतर राजाने शांतता इच्छिली, हे गैर म्हणता येत नाही. गेरहार्टही कोणाची निंदा करणारा नव्हता. परंतु सही केल्यास आपल्या पंथाची प्रमाण मानलेली शिकवण सोडल्यासारखे होईल, असे त्याला वाटले. त्याने नकार दिला आणि १६६६ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले. नागरिकांनी अर्जांवर अर्ज केले. अखेर १६६७ मध्ये अधिपतीने सहीची अट काढून त्याला पुन्हा नेमले. मात्र सहीवाचूनही त्याने आज्ञा पाळावी, अशी अपेक्षा त्याला कळविण्यात आली. हा तर न लिहिलेला करारच! गेरहार्टने ते पद स्वीकारले नाही. १६६८ मध्ये पत्नीही निवर्तली.

याच खडतर वर्षांत, १६६६ आणि १६६७ मध्ये, क्रूगरच्या जागी आलेल्या योहान एबेलिंगने त्याची एकशेवीस गीते चाली लावून प्रसिद्ध केली.

१६६९ मध्ये उरलेल्या एकुलत्या मुलासह गेरहार्ट ल्युबेन या गावी गेला. तेथेच सात वर्षे सेवा करून १६७६ मध्ये तो निधन पावला. पुढे थोर संगीतकार बाख याने ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील आपल्या १७२७ च्या संगीतरचनेत त्याची कडवी योजिली. ल्युबेनचे ते चर्च आज गेरहार्टच्याच नावाने ओळखले जाते.