पावलांनी नकाशा काढणारा माणूस : पंडित नैनसिंग रावत



हूरामध्ये राहून डोंगरांच्या गप्पा मारायच्या म्हणजे गंमतच. बहरीनमधली सर्वांत उंच जागा म्हणजे जबल दुखान, उंची जेमतेम १३४ मीटर! तरी सुट्टीत सह्याद्री गाठणारे, लडाखला जाऊन येणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी ही एका अचाट चालणाऱ्या माणसाची ओळख.

नैनसिंग रावत यांचा जन्म १८३० सालचा. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले मिलम हे त्यांचे गाव. तिथले लोक पिढ्यानपिढ्या खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत, त्यामुळे तिबेटी भाषा त्यांच्या सवयीची. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले, म्हणून लोक त्यांना 'पंडित' म्हणू लागले.

त्या काळी तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात हिमालयापलीकडचा बराच भाग कोराच होता. म्हणून माँटगोमेरी या अधिकाऱ्याने सीमेवरच्या माणसांनाच सर्वेक्षण शिकवायचे ठरवले. १८६३ मध्ये नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग डेहराडूनला दाखल झाले.

शिक्षण काय, तर आधी चालणे! चढ असो वा उतार, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे. साधारण २००० पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. दर १०० पावलांना एक मणी ओढायचा. माळ पूर्ण झाली की १०,००० पावले, म्हणजे ५ मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट, कवड्यांमध्ये पारा. रात्री पारा वाटीत ओतून त्याच्या आरशात तारे पाहायचे आणि अक्षांश काढायचे. उंची मोजायला साधा थर्मामीटर, कारण जितके वर जावे तितके पाणी कमी तापमानाला उकळते. जीपीएसची सगळी कामे एकटा माणूस करीत होता!

१८६५ मध्ये व्यापाऱ्याच्या वेषात ते नेपाळमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. पैसे संपले तेव्हा तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून दिवस काढले. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका माणसाचा शिरच्छेद त्यांनी तिथेच पाहिला. आपली माळ कोणी मोजून पाहिली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नकोच.

सर्वांत मोठी चाल १८७४ ची. लेहहून निघून ते चांगथांग पठारावर उतरले. सुमारे ४,५०० मीटर उंचीचे थंड वाळवंट, झाड नाही, वाऱ्याला आडोसा नाही. सामान मेंढ्यांच्या पाठीवर. वाटेत दांगरा सरोवर आणि त्याच्या काठची तारगो हिमशिखरे त्यांनी पाहिली. ही शिखरे आणि सरोवर यांना स्थानिक बोन धर्मीय लोक पवित्र दांपत्य मानतात. बाहेरच्या नकाशांना तेव्हा त्यांची नीट खबरही नव्हती. अशा कित्येक शिखरांच्या आणि सरोवरांच्या जागा पंडितांनी नोंदवल्या. ल्हासात ओळखले जाण्याची भीती होती, म्हणून दोनच दिवस थांबून ते तवांगमार्गे मार्च १८७५ मध्ये आसामात उतरले.

एवढे करूनही सुरुवातीच्या अहवालांत त्यांचे नाव छापता येत नव्हते, फक्त 'पंडित'. नाव बाहेर फुटले असते तर पुढच्या माणसाचा जीव गेला असता. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. तोवर उन्हाबर्फात ताऱ्यांचे वेध घेऊन त्यांची दृष्टी अधू झाली होती. तरीही निवृत्तीपर्यंत ते नव्या सर्वेक्षकांना शिकवत राहिले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

शिखरावर पोहोचलो की आपण आधी फोटो काढतो आणि लगेच घरी पाठवतो. या माणसाने आपण कुठे गेलो हेच वर्षानुवर्षे लपवून ठेवले आणि एक पाऊलही खोटे मोजले नाही. लडाखच्या पुढच्या ट्रेकला तंबूत नकाशा उघडाल, तेव्हा मिलमच्या या मास्तरांची आठवण जरूर काढा!