रोषाचे धनी माइक क्विल

१ जानेवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या व बसगाड्या थांबल्या आणि माइक क्विल शहराच्या रोषाचे धनी झाले. आयर्लंडच्या केरी परगण्यातून १९२६ साली आलेल्या या गृहस्थांनी भुयारी रेल्वेत आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास राबून पाहिले होते. १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या वाहतूक कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक. संपबंदीचा न्यायालयीन हुकूम त्यांनी कॅमेऱ्यांसमोर फाडला. ४ जानेवारीस अटक झाली, आणि काही तासांतच हृदयविकारामुळे त्यांना इस्पितळात हलवावे लागले. इकडे कडाक्याच्या थंडीत लोक पूल पायी ओलांडीत होते. त्यांचा संताप खोटा नव्हता. खाडा पडला की ज्यांची मजुरी बुडे, त्यांनाच संपाची झळ अधिक. मात्र १९५३ पासून भाडे १५ सेंटच राहिले, त्याची किंमत काही अंशी कामगारांच्या वेतनाने चुकविली, हा हिशेब थंडीत कुडकुडणाऱ्याने मांडावा तरी कसा? बारा दिवसांनी भरघोस वेतनवाढीवर संप मिटला. २८ जानेवारीस क्विल निवर्तले. जुलैत भाडे २० सेंट झाले. १९६७ मध्ये टेलर कायद्याने सार्वजनिक सेवकांच्या संघटनांना वाटाघाटींचा हक्क दिला, संपावरील बंदी मात्र कायम ठेवली.